आधी उतारा

"दाजी, जरा डावीकडं सरका. आणखी थोडं. हां! आता तुमी हॉलमधी हाय."

मी सरकलो, पण जपून, कारण हॉलला भिंती नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावरचा उघडा स्लॅब, चहूबाजूंनी वर आलेली गजांची टोकं, आणि मधोमध मी. पायात निरोप समारंभाला घेतलेले नवे बूट आणि शर्टाच्या खिशात अकरा लाख शिल्लक दाखवणारं पासबुक. माझे मेहुणे हिंदुराव जगदाळे खाली बसून खडूनं रेघा ओढत होते.

"हितं किचन. हितं आक्काचा ओटा. आन ही खिडकी. वाका की, बघा."

मी नसलेल्या खिडकीतून वाकलो. समोर कृष्णा दिसली. घाटापासून पार वळणापर्यंत, सगळी. कराड नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो. रोज पहाटे त्या नदीचं पाणी गावाला सोडायचं हेच माझं काम. पण पंपहाउसातून नदी दिसते ती फक्त उपसायला. वरून, निवांत, अशी मी ती कधी पाहिलीच नव्हती.

"कसं काय?" हिंदुरावांनी विचारलं.

"झकास," मी म्हणालो. तेवढ्यात त्यांनी काम साधलं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबरअखेर मी रिटायर झालो होतो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्याची कमाई अकरा लाख. पालिकेच्या चाळीतल्या दोन खोल्या डिसेंबरपर्यंत सोडायच्या होत्या. स्वतःचं घर नव्हतं. आणि अकरा लाखांत तेव्हाही घर म्हणजे गावाबाहेर कुठंतरी एक खोली, एक मोरी आणि रात्रभर ट्रकांचे हॉर्न.

हिंदुरावांची योजना अशी. त्यांच्या इमारतीचा वरचा स्लॅब पैशांवाचून अडला होता. मी त्यांना वर्षभरासाठी दहा लाख द्यायचे, महिन्याला दोन टक्क्यांनी. म्हणजे दरमहा वीस हजार. नोकरीत असताना सगळं कापून माझ्या हातात अठरा पडायचे. शिवाय तारण म्हणून हाच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून. वर्षानं पैसे परत घ्या, नाहीतर वरची रक्कम हप्त्यानं भरून फ्लॅटच घ्या.

"पण बँक का देत न्हाई तुमाला?" मी एवढं विचारलं खरं.

"बँकंचं काय घेऊन बसलाय! ह्यो कागद आणा, त्यो कागद आणा. घरच्या माणसात कागद लागतोय व्हय?"

मला पटलं. खिडकी पाहून झाल्यावर मला काहीही पटलं असतं. तीन वर्षं काम चालू असून इमारतीतला एकही फ्लॅट विकला गेला नव्हता, हे मला दिसत होतं. पण डोळ्याला दिसणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

घरी आलो तर शालन मेथी निवडत बसली होती. शालन म्हणजे माझी बायको आणि हिंदुरावांची सख्खी थोरली बहीण. मी तिला सगळं सांगितलं. खिडकीचं दोनदा सांगितलं. तिनं एक काडी बाजूला टाकली.

"उतारा बघितला?"

"कशाचा उतारा?"

"त्या जागेचा. ज्याच्यावर माझा भाऊ तुमाला हवंतला हॉल दावतोय, त्या जागेचा."

"अगं, तुझ्या वडलांची जागा. तुझा सख्खा भाऊ. त्याच्याकडं मी उतारा मागू? लोक तोंडात शेण घालतील."

"चौतीस वरसं पालिकेत काढलीसा. उताऱ्याबिगर कुणाला नळ दिलाय का कवा?"

दिला नव्हता. आमदारांच्या चुलत्यालाही दिला नव्हता, आणि ती गोष्ट मीच तिला शंभरदा फुशारकीनं सांगितली होती.

"अर्ध्या इंचाच्या नळाला उतारा लागतोय, आन धा लाखाला लागत न्हाई?" असं म्हणून तिनं मेथीची जुडी आपटून माती झाडली. "आधी उतारा आणा. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी मी सिटी सर्व्हेच्या कचेरीत गेलो. मेहुण्याच्या जागेचा उतारा काढायला जाताना मला दारूच्या दुकानात शिरताना वाटावं तसं वाटत होतं. दोनदा पुढं जाऊन मागं आलो. शेवटी आत घुसलो तर समोर डुबल भाऊसाहेब. त्यांच्या गल्लीत पाणी चढत नव्हतं तेव्हा मी स्वतः खड्ड्यात उतरून त्यांची लाइन मोकळी केली होती. त्यांनी माझा अर्ज बाकीच्यांच्या वर ठेवला.

"पिसाळ, घर घेताय वाटतं?"

"बघतोय आपलं."

"बघा बघा. माणसानं डोळे उघडे ठेवून बघावं." आणि अर्ध्या तासानं प्रॉपर्टी कार्डाची नक्कल हातात देताना ते हसले. "पण मला एक सांगा, घरातल्याच माणसाचा उतारा काढायला इथवर कशाला आलात? घरीच विचारायचं की."

मला वाटलं ते मेहुण्याबद्दल बोलतायत. बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन मी कागद उघडला. सासऱ्यांच्या नावावर आडवी रेघ होती. त्याखाली वारसांची नावं.

हिंदुराव रामचंद्र जगदाळे.

शालन सोपान पिसाळ.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. सोपान पिसाळ म्हणजे मीच, त्यामुळे चुकीला जागा नव्हती. ज्या जागेच्या तारणावर मी मेहुण्याला आयुष्याची कमाई देणार होतो, त्यातली अर्धी जागा माझ्या बायकोची होती. आमच्याच जागेवर, आमच्याच पैशानं, आम्हालाच फ्लॅट तारण! बँक कुठला कागद मागत होती तेही एका क्षणात कळलं. शालनची सही.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे बाप गेला की बहिणी हक्कसोड करून देतात. म्हणजे रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करायची की माझा वाटा मी भावाला सोडला. कायदा काहीही म्हणो, वाटा मागणारी बहीण म्हणजे माहेर तुटलं असं धरून चालतात. मीही धरूनच चाललो होतो. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले, जोत्यापर्यंत काम आणून गेले, तेव्हाच शालननं सही केली असणार असं मला वाटत होतं. मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर, बायकोचा कुठं काही वाटा असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तरातरा घरी आलो. शालन चकल्या पाडत होती. दिवाळी चार दिवसांवर होती.

"आणला उतारा?"

"आणला."

"माझं नाव हाय न्हवं त्याच्यावर?" तिनं सोऱ्यावरून मान वर केली नाही.

"तुला म्हाईत हुतं?"

"सही केली न्हाई म्हटल्यावर नाव कुटं जाईल?"

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

मी एक चकली उचलली, ती गरम होती, बोट भाजलं. मग रागानंच बोललो. "माझ्या हातावर तुरी देत हुता तुझा भाऊ. आताच जाऊन तोंडावर उतारा मारतो."

शालन उठली. कधी नव्हे ते तिनं माझ्या दंडाला धरलं. पिठाचा हात होता, शर्टावर पाचही बोटं उमटली.

"तुमी एक शब्द बोलायचा न्हाई. पैसं द्यायचं का न्हाई, ते भाऊबीजंला ठरवू. तोवर तोंडाला कुलूप. माझी शपथ हाय."

"भाऊबीजंलाच का?"

"त्या दिवशी त्यो माझ्या दारात येतोय म्हणून. मी त्याच्या दारात जाऊन बोलणार न्हाई."

तिचे डोळे भरले होते. चुलीच्या धुरानं म्हणावं तर आमच्याकडे गॅस होता. पैसे बुडतील याची भीती मला होतीच. पण तिला भीती दुसरीच होती, ती मला तेव्हा जेमतेम कळली. घर जाईल की माहेर जाईल, एवढाच तिच्यापुढं प्रश्न होता, आणि त्यातलं एक तरी जाणार असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

भाऊबीजेपर्यंतचे ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मला गुपित पचत नाही. पालिकेत कुठल्या भागात उद्या पाणी नाही हे मी आदल्या दिवशी साऱ्या गावाला सांगायचो. आणि हिंदुराव रोज येत होते. पहिल्या दिवशी म्हणाले, सेंट्रिंगवाला थांबलाय. मी म्हणालो, पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सळईचा भाव वाढतोय. मी म्हणालो, पासबुक सापडत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते म्हणाले, "दाजी, चेक तेवढा आज लक्ष्मीपुढं ठिवून द्या, शुभ असतंय." मी पोट धरून मोरीकडे पळालो. आतून ऐकलं तर ते शालनला सांगत होते, "आक्का, दाजींना डाक्टरला दाव. लई दिवस चाललंय ह्यांचं."

"दावते," शालन म्हणाली. "भाऊबीज झाली की दावते."

भाऊबीजेला हिंदुराव सकाळीच आले. पांढरीशुभ्र विजार, डोक्यावर टोपी, बगलेत साडीचा बॉक्स. बॉक्सच्या वर प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टॅम्पपेपर. तो पाहून माझ्या पोटात खरोखरच गोळा आला.

शालननं पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. हिंदुराव पाटावर बसले. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली. निरांजन ओवाळलं. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो. उतारा देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली घडी करून ठेवला होता. तिनंच ठेवला होता.

हिंदुरावांनी खिशातून पाचशेची नोट काढून ताटात घातली.

शालननं ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. "नको."

ते हसले. त्यांना वाटलं कमी पडले. हजाराची काढली. "नको." मग साडीचा बॉक्स पुढं केला. हिरवी पैठणी होती, मला वरूनच दिसत होती. चांगली चार-पाच हजारांची असणार. शालननं बॉक्सकडे पाहिलं, वरच्या स्टॅम्पपेपरकडे पाहिलं. निरांजनाची ज्योत हलत होती.

"नको," ती म्हणाली. "आवंदा बी साडीच्या वर कागद घिऊन आलास, हिंदू."

हिंदुराव गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शालन ताट खाली ठेवीना. ओवाळणी घातल्याशिवाय भावानं पाटावरून उठायचं नाही, आणि ओवाळणी ती घेईना. बाहेर पोरं फटाके उडवत होती.

शेवटी हिंदुराव काकुळतीला आले. "आक्का, आगं मग तुला पाहिजे तरी काय? सांग की! काय पाहिजे तुला?"

आणि शालन रडायला लागली. नीट, आवाज करून. मी बत्तीस वर्षांत तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं. मी धावून ताट धरलं, नाहीतर निरांजन पदरावर पडलं असतं.

"तीन वरसं लागली व्हय रं तुला हे इचारायला?" ती हुंदके देत म्हणाली. "आबांचं तेरावं. मी माजघरात बसलेली. तू साडी आणून मांडीवर ठिवलीस, वर कागद ठिवलास, वर पेन. म्हणलास, हितं हितं सही कर. एक डाव इचारलं असतंस, आक्का, तुला काय पाहिजे का? मी म्हणली असती, काय नको. शपथेवर सांगते, काय नको म्हणून सही करून उठली असती. पर तू इचारलंच न्हाईस. मी आबांची कोण न्हवतेच, असं पेन दिलंस."

हिंदुराव पाटावर बसल्या जागी खाली मान घालून होते. टोपी हातात घेतली होती.

"मला वाटलं तुला वाटा पाहिजे," ते पुटपुटले. "म्हणून उठून गेलीस. परत इचारायला तोंड न्हवतं. आन वाटा मागितलास तर द्यायला पैसं न्हवतं."

"मी मागितला का?"

"न्हाई."

"तू इचारलंस का?"

"न्हाई."

"मग तीन वरसं तुजी बिल्डिंग पावसात भिजली, ती कुणाच्या बापाची?"

"आपल्याच," हिंदुराव म्हणाले, आणि त्यांना रडता रडता हसू फुटलं. शालनलाही फुटलं. ताट धरून मी मध्येच उभा, हसावं की ज्योत सांभाळावी कळेना.

त्यांनी डोळे पुसले. स्टॅम्पपेपर पिशवीतून काढला, दुमडला आणि खिशात घातला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाजी, मला माफी द्या. तिच्याच जागंवर तुमचंच पैसं उचलाय आलो हुतो. तोंड वर करून मागितलं असतं तर ही पाळी आली नसती."

"माझं पोट बरं झालं," मी म्हणालो.

हिंदुराव पाटावर पुन्हा सरळ बसले, टोपी घातली. "आता सांग, आक्का. एकदम सांग. काय पाहिजे?"

मला वाटलं आता ती म्हणणार, काही नको. तिनंच शपथेवर सांगितलं होतं. पण शालननं पदरानं नाक पुसलं, माझ्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाली, "तीन वरसांमागं काय नको हुतं. आता पाहिजे. ह्यांना ज्या खिडकीत उभं केलंस न्हवं, ती. धा दिस झालं, ह्यांच्या तोंडात दुसरं काय न्हाई. झोपंत बी वाकून बघत्यात. ती खिडकी, आन तिच्यामागं जेवढं घर येतंय तेवढं. बाकी सगळं तुजं. त्याची सही मी करून देते."

"एवढंच?" हिंदुराव म्हणाले.

"एवढंच."

त्यांनी पाचशेची नोट परत ताटात घातली. या खेपेला तिनं घेतली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी आम्ही तिघं रजिस्टर ऑफिसात गेलो. वकिलानं दोन कागद केले होते. फ्लॅट शालनच्या नावे, आणि बाकी जागेची हक्कसोड. कारकुनानं हक्कसोडीचा कागद पुढं सरकवला. शालननं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "ह्यातला पहिला कुठला?"

"कुठलाही आधी करा, मावशी."

"मग फ्लॅटचा आधी," ती म्हणाली, आणि भावाकडे बघून गोड हसली. हिंदुरावांनी कपाळाला हात लावला.

जागा मोकळी झाल्यावर बँकेनं तीन आठवड्यांत कर्ज दिलं. पाच महिन्यांत स्लॅब, भिंती, फरशी सगळं झालं. तोवर आम्ही हिंदुरावांच्याच घरी राहिलो, कारण आता शालन त्या दारात जायला मोकळी होती. फ्लॅटच्या दारावर पाटी लागली, 'सौ. शालन सोपान पिसाळ'. माझे दहा लाख कुणीच मागितले नाहीत. शालननं मला हाताला धरून पोस्टात नेलं आणि ज्येष्ठांच्या योजनेत ठेवायला लावलं. मी महिनाभर फुगून बसलो होतो. जन्मभराची कमाई घरात लागावी अशी माझी हौस, आणि घर झालं ते माझा रुपया न लागता. पण खिडकीत बसून माणूस किती दिवस फुगणार?

त्यानंतर दर भाऊबीजेला हिंदुराव पाटावर बसतात आणि ओवाळणी घालायच्या आधी विचारतात, "आक्का, काय पाहिजे?" दर वर्षी शालन म्हणते, "काय नको. इचारलंस न्हवं." तेरा वर्षं हेच चाललं. नातवंडांना वाटतं तोही ओवाळण्याच्या विधीतलाच एक मंत्र आहे.

यंदा मात्र घोटाळा झाला. हिंदुरावांनी विचारलं आणि शालन गप्प राहिली. एका हातानं ताट सावरत दुसऱ्या हातानं तिनं गुडघा चोळला.

"लिफ्ट," ती म्हणाली.

"आँ?"

"तीन जिने चढवत न्हाईत आता. लिफ्ट पाहिजे."

हिंदुरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेही आता बासष्टीचे, जिने त्यांनाही चढवत नाहीत. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जमवलं, मग हळूच माझ्याकडे वळले. "दाजी, ते पोस्टातलं हायत न्हवं अजून? बिल्डिंगच्या नावानं द्या की वापरायला. दोन टक्क्यांनी. घरच्या घरात."

एवढ्या वर्षांनी माझा पैसा घरात लागणार होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी खुर्चीतून उठून पासबुक आणायला निघालोही होतो.

शालन ताट घेऊन आडवी आली.

"बसा खाली," ती म्हणाली. "आधी उतारा."